आबांच्या नावाचं शेड

बंद शेडमधल्या कोंबड्यांना मरायला फार काही लागत नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी पंखे थांबले, की चहा टाकून, गाळून, पिऊन होईपर्यंत शेड संपलेलं असतं. हे आबांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, नव्या पाहुण्याला विहिरीची खोली सांगावी तशा सुरात.

इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडी आत त्यांची वस्ती आणि वस्तीला लागून तीन शेडं. लांबलचक, पत्र्याची, चारी बाजूंनी बंद. एका टोकाला पाण्याने भिजवलेले पॅड, दुसऱ्या टोकाला माणसाच्या उंचीचे पंखे. पंखे आतली हवा बाहेर ओढतात, तिच्या जागी पॅडमधून गार हवा येते, आणि त्या हवेवर हजारो पक्षी जगतात. या धंद्यात कोंबडीला पक्षी म्हणतात आणि मेलेल्या पक्ष्यांना मर. “आज मर किती?” हा प्रश्न त्या घरात सकाळी चहाच्या आधी विचारला जाई. आबा स्वतः माळकरी. कोंबडी त्यांनी कधी तोंडाला लावली नव्हती. पाळण्याबद्दल मात्र त्यांच्या माळेची काही तक्रार नव्हती.

त्यांची थोरली सून माझी विद्यार्थिनी. मी बारामतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत असे. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, मी लिनक्सला लागलो, म्हणजे कुणीही फुकट घ्यावी अशा कॉम्प्युटर सिस्टीमला. दोन्हीकडे आपलं ऐकून घेणारा सापडणं अवघड. ही मुलगी मागच्या बाकावर बसायची आणि नेमकं मला न येणारं विचारायची. लग्न होऊन ती इथे आली आणि काही वर्षांतच शेडांचा सगळा कारभार तिच्या अंगावर पडला, कारण नवऱ्याला ट्रॅक्टर होता आणि दिराला राजकारण. एके दिवशी तिचा फोन आला.

“सर, तिन्ही शेडात लिनक्सची मशिनं बसवलीत, घरातला लॅपटॉपबी लिनक्सचाच हाय. पण कुणी कुणाला ओळखतच न्हाय. भावकीसारखं झालंय.”

मी गेलो. शेडांतली मशिनं हाताच्या पंजाएवढी होती. आतलं तापमान बघायचं आणि त्याप्रमाणे पंखे कमीजास्त करायचे, एवढंच त्यांचं काम. घरातून त्यांच्याशी बोलायचं तर त्यांचा नंबर माहीत हवा, आणि नंबर देतो राउटर. माझं लहानपण वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये गेलं, त्यामुळे ही भानगड मला समजावून सांगायला सोपी जाते. तिथे माणसाचा पत्ता म्हणजे क्वार्टरचा नंबर. एक कुटुंब गेलं, की त्याच नंबरात दुसरं. जुन्या बिऱ्हाडाचे पाहुणे सरळ आमच्या घरात येऊन बसायचे, आणि पाणी पिऊन झाल्यावर त्यांना कळायचं की ही माणसं वेगळी आहेत. राउटरचंही तसंच. लाईट जाऊन आली, की जे मशीन आधी जागं होईल त्याला हाताला येईल तो नंबर. काल ज्या नंबरावर एक शेड होतं, तिथे आज दुसरं असू शकतं. आणि लाईट जाण्याच्या बाबतीत आमचा भाग फार नियमित आहे.

यावर उपाय म्हणजे नंबर सोडून नावाने हाक मारणं. लिनक्सवर अवाही नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. तो ज्या मशिनवर चालू असेल, ते मशीन घरातल्या नेटवर्कवर पुकारा करतं: मी अमुक, मी इथे आहे. बाकीची मशिनं तो ऐकून ठेवतात. मग नंबर कितीही बदलो, नाव ज्याचं त्याच्याकडे राहतं. मी तो चारही मशिनांवर घातला, तरी लॅपटॉपला कुणी दिसेना. बराच वेळ डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, की लॅपटॉपची फायरवॉल हे पुकारे दारातूनच परत पाठवत होती. तिच्यात तेवढी एक फट ठेवली आणि पडद्यावर एकामागून एक तिन्ही शेडं उगवली. सुनेने टाळी वाजवली. मला ते दृश्य तितकंसं आवडलं नाही. कुठूनतरी कुणीतरी ‘मी इथे आहे’ म्हणतं, आणि त्यापुढे काही सांगत नाही.

“हे नुसती हजेरी देतं,” मी तिला बजावलं. “तब्येत सांगत नाही.”

“आमच्या घरातली पुरुषमाणसंबी तसलीच हायत, सर.”

नावं ठेवायची वेळ आली तेव्हा आबा मागे येऊन उभे राहिले. मी शेड एक, शेड दोन असं लिहायला घेतलं होतं.

“गोठ्यातल्या म्हशीला नाव हाय,” आबा म्हणाले, “आन् एवढ्या मोठ्या शेडाला आकडा?”

त्यामुळे ठरलं असं: एक नंबरला आबांच्या कैलासवासी वडिलांचं नाव, दोन नंबरला खुद्द आबांचं, तीन नंबरला थोरल्या मुलाचं, म्हणजे सुनेच्या नवऱ्याचं. धाकट्याला चौथं शेड होईपर्यंत दम धरायला सांगण्यात आलं.

“पुढं श्री लावा. टिंब देऊन.”

“टिंब चालत नाही, आबा. मध्ये जागाही सोडता येत नाही. नाव जेवढं आखूड तेवढं बरं.”

“म्हंजे हे यंत्र मला अरंतुरं करणार?”

“ते कुणालाच अहोजाहो करत नाही.”

दारात तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “बघा बया. माझा जलम गेला, मी कधी ह्यांचं नाव घेतलं न्हाय. आन् आता तो डबा घेणार.”

हुकूम द्यायची पद्धत मी सोपी ठेवली होती. लॅपटॉपवर शेडाचं नाव लिहायचं आणि पुढे ‘चालू’ किंवा ‘बंद’. ‘बंद’ म्हटलं, की मशीन स्वतःचं डोकं चालवणं सोडून देई आणि पंखे थांबले की वाजणारा त्या शेडाचा भोंगाही गप्प होई. नाहीतर रिकामं शेड धुताना तो दिवसभर कोकलत बसला असता. ‘बंद’ हे फक्त रिकाम्या शेडासाठी. हे मी तिला सांगितलं. तिला ते माझ्याआधी कळलं होतं.

मग उद्घाटन झालं. चार मशिनांनी एकमेकांना ओळखावं या घटनेसाठी मांडव घातला होता. फ्लेक्सवर तालुक्यातले सगळे चेहरे होते, आणि मशीन कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढं. ज्यांच्या हस्ते उद्घाटन होतं ते नेते उशिरा आले, लॅपटॉपभोवतीची फीत कापली, एंटर दाबला आणि या क्रांतीमुळे ग्रामीण भाग जगाशी जोडला गेल्याचं सांगितलं. खरं तर तो तीन शेडांशी जोडला गेला होता. दिलेला हुकूम ‘चालू’ होता आणि पंखे आधीपासून चालूच होते, त्यामुळे काहीच घडलं नाही. टाळ्या भरपूर पडल्या.

पुढचे काही महिने सगळं सुरळीत चाललं. सून आता स्वयंपाकघरातून तिन्ही शेडं सांभाळत असे, आणि पणदऱ्याहून, निमगावहून माणसं ते बघायला येत. आबा त्यांना पडद्यावरचं स्वतःचं नाव दाखवत.

त्या दिवशी एप्रिल संपत आला होता. तीन नंबरचं शेड रिकामं होतं. पक्षी उचलून नेले होते, धुणं झालं होतं, ओली जमीन सुकावी म्हणून पंखे सोडले होते. जेवणं झाली की गडी आत चुना मारणार होते. त्याआधी पंखे बंद करायचे होते. दोन नंबर, म्हणजे आबांच्या नावाचं शेड, खच्चून भरलेलं. पक्षी पूर्ण वाढलेले, उचलायला गाडी एक-दोन दिवसांत येणार. वाढलेल्या पक्ष्याच्या अंगाची धग मोठी असते, म्हणून शेवटचे हे दिवस सगळ्यात वाईट. सकाळपासून लाईट जात-येत होती, आणि दर वेळी जनरेटर पंखे सांभाळत होता.

मी लॅपटॉपची सिस्टीम नवी करायला आलो होतो आणि आबांच्या शेजारी जेवायला बसलो होतो. सुनेने लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं आणि ताक वाढायला उठली. बाहेर पंख्यांचा जो एकसारखा आवाज येत होता, तो एक पट्टी खाली आला. यायलाच हवा होता. एक शेड बंद केलं होतं.

“झ्याक,” आबा म्हणाले. “कानाला जरा बरं वाटलं.”

आम्ही ताक प्यालो. आबांचा आदल्या आठवड्यात कुठेतरी सत्कार झाला होता, तो विषय निघाला. मी विचारलं, आतापर्यंत शाली किती जमल्या.

“म्हशींना झुली शिवाव्या एवढ्या,” आबा म्हणाले. “आन् नारळ तर इचारू नका. ही बाई चटणी करून दमली.”

“देणाऱ्याला शाल देता येती, टावेल देता येत न्हाय,” सासूबाई म्हणाल्या. “टावेल उपेगी पडंल म्हणून.”

आम्ही हसलो. आबांनी आणखी ताक मागितलं. तेवढ्यात शेडावरचा गडी दारात आला.

“वयनी, पंखं बंद करताय न्हवं? चुना कालवून ठिवलाय.”

“मगाशीच केलेत की.”

“न्हाय ओ. तीन नंबरचं भन्नाट चालू हायत. डोक्यावरचा टावेल उडाला माझा.”

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. त्याला काही विचारलं नाही, लॅपटॉपकडे पाहिलंही नाही. ती अनवाणी धावत सुटली. मी मात्र सवयीने आधी पडद्याकडे पाहिलं. तिन्ही नावं तिथे हजर होती, तिन्ही व्यवस्थित पुकारा करत होती, त्यात आबांचंही.

मी पोहोचलो तेव्हा तिने दोन नंबरच्या शेडाबाहेरच्या पॅनेलवरून पंखे हाताने चालू केले होते आणि दार सताड उघडलं होतं. आतून जी हवा आली तिला हवा म्हणणं कठीण होतं. भरलेल्या शेडात शिरलं की आधी आवाज लागतो, हजारो चोचींची एकसंध कुजबुज. तो नव्हता. शेवटची गार झुळूक जिथून आली असेल, त्या पॅडच्या टोकाला पक्षी एकमेकांवर चढून ढीग झाले होते. बाकीचे होते तिथेच पाय ताणून पडले होते. काही चोची उघड्या ठेवून बसले होते आणि आमच्याकडे बघतही नव्हते. ती त्यांच्यामधून चालत गेली, एकाला उचलून उभं केलं, तो पडला, दुसऱ्याला उचललं. मग तिने उचलणं थांबवलं.

संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून अधिक शेड गेलं. वस्तीच्या मागे जेसीबीने खड्डा घेतला. पक्षी उचलणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर येऊन फोटो काढून गेला, आणि मयताला यावेत तसे पाहुणे आले, तसेच गप्प बसले, तसाच बिनदुधाचा चहा प्याले.

कारणांना तोटा नव्हता. वायरिंग, जनरेटर, ऊन. धाकट्या दिराने माझ्याकडे बघून विचारलं, “फुकट मिळतंय त्याला गॅरंटी कुठनं असायची?” पण दोन दिवसांत गावाने स्वतःचं कारण शोधलं, आणि ते कारणही नव्हतं, नुसतं एक वाक्य होतं: आबांच्या नावाचं शेड गेलं. आबा पारावर आले की ते वाक्य बंद पडे. आबांना ते बंद पडलेलं ऐकू येई. बोलता बोलता त्यांचा हात सदऱ्याच्या खिशापाशी जाऊ लागला. गेल्या वर्षी बारामतीच्या दवाखान्यात त्यांच्या छातीत स्प्रिंग बसवली होती.

सुनेने मला खरं काय ते स्वयंपाकघरात सांगितलं.

“सर, मी नावानं हुकूम देतच न्हवते. पयल्यापासनं.”

“मग?”

“राउटरच्या नंबरानं. तोबी चालतो की. सकाळी उठलं की कुणाचा नंबर कुठला ते बघून ठेवायचे. त्या दिवशीबी बघितला हुता. नंतर लाईट गेली.”

“पण नावं होती ना? त्यासाठीच तर सगळं केलं.”

“तीन नंबर बंद करायचं हुतं, सर. तिथं ह्यांचं नाव हाय. नवऱ्याचं नाव लिहायचं, तेबी एकेरी, आन् म्होरं बंद? हात उचलला न्हाय माझा.”

ती अंधश्रद्ध नव्हती. बँकेत, दवाखान्यात नवऱ्याचं नाव ती घडाघडा सांगत असे. पण आम्ही दुकान बंद करत नाही, वाढवतो; घरातून निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. इतक्या जपून बोलणाऱ्या माणसांच्या हातात मी जिवंत माणसाच्या नावापुढे ‘बंद’ लिहायचा हुकूम दिला होता. नवऱ्याचं नाव तिने टाळलं, आणि सकाळच्या त्या नंबरावर आता सासऱ्याचं शेड बसलेलं होतं.

हे तिने आबांना स्वतः जाऊन सांगितलं. मी तिथेच होतो.

“म्हंजे पोराचं नाव वाचवलंस,” आबा म्हणाले, “आन् माझ्या गळ्यात घातलंस.”

हा विनोद होता की नाही, हे कुणालाच कळलं नाही. सून रडली नाही. ती म्हणाली, “व्हय, आबा.”

नवी पिल्लं यायच्या आधी मी पुन्हा गेलो. मशिनांची नावं बदलून सरळ शेड एक, दोन, तीन करायची असं मी ठरवून आलो होतो. सासूबाई आडव्या आल्या. “जित्या माणसाचं नाव पुसत्यात व्हय? आदीच काय थोडं झालंय?” बरं, मग ‘बंद’ हा शब्द बदलू. मी पर्याय शोधायला लागलो आणि थबकलो. ‘शांत’ आणि ‘थांब’, दोन्ही आबांच्या नावापुढे लावून पाहिले. पहिला तर सरळ पेपरच्या निधनवार्तांत जाऊन बसत होता. शेवटी मी म्हणालो, राउटरमध्ये नंबरच कायमचे बांधून देतो, म्हणजे ते फिरणार नाहीत.

“म्हंजे ही परत नंबरच टाकणार,” आबा म्हणाले. “आन् उद्या कुणी राउटर बदलला, मग?”

राउटर बदलले जातातच.

पिल्लं आली, दोन आणि तीन नंबरला; एक नंबर अजून रिकामं होतं. पिवळी, मुठीत मावतील एवढी. पहिले काही दिवस त्यांना वाऱ्यापेक्षा ऊब लागते. एक-दोन पंखे हळू चालू असतात, तेही नुसते हवा बदलायला. एका दुपारी आबांनी मला बोलावून घेतलं, लॅपटॉप ओट्यावरून काढून पलंगावर ठेवायला लावला आणि सुनेला समोर बसवलं.

“लिही.”

“काय लिहू?”

“माझं नाव. आन् म्होरं बंद.”

सासूबाई पदर तोंडाशी धरून परसात निघून गेल्या.

“आबा, नको.”

“का? दोन नंबरला पिल्लं हायत, लहान हायत. घटकाभर वारं न्हाय मिळालं तर त्यांना काय हुत न्हाय. पुढच्या उन्हाळ्यात इचार करायला तुला घटका मिळायची न्हाय. लिही.”

तिने नाव लिहिलं. एक एक अक्षर, वर्गात नवा विद्यार्थी लिहितो तसं. मग जागा सोडली. मग ‘बंद’ लिहिलं आणि हात मांडीवर घेतले.

“दाब.”

तिने एंटर दाबला. खिडकीतून दोन नंबरचा जो थोडका आवाज येत होता तो उतरत उतरत गेला आणि संपला. आबा शेडाकडे बघत होते. हात खिशापाशी होता. अंगणात सुनेचा नवरा ट्रॅक्टर बंद करून घराकडे बघत उभा होता. वस्तीवर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. लांब कुठेतरी मोटारीचं पाणी पडत होतं आणि तीन नंबरचा एक पंखा हळू फिरत होता, तेवढंच.

“आता चालू कर.”

तिने भराभर टाइप केलं. मशीनने लगेच उत्तर दिलं. घाईत नावातलं एक अक्षर चुकलं होतं, आणि पडद्यावर इंग्रजीत आलं होतं, की या नावाचं कुणी सापडत नाही.

आबांना इंग्रजी येत नव्हतं. “काय म्हणतंय?”

“काय न्हाय, आबा.”

तिने पुन्हा लिहिलं. या वेळी सावकाश. एंटर दाबल्यावर थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पलीकडे एक पंखा कण्हल्यासारखा उठला, आणि त्याच्या मागून दुसरा.

“झालं?” आबा म्हणाले. “न्हाय मेलो.”

आबांनी खिशाजवळचा हात काढला, धोतराला पुसला आणि अंगणाकडे बघून मुलाला हाक मारली. तो दारापर्यंत आला, आत आला नाही.

“आता तीन नंबर,” आबा सुनेला म्हणाले.

तिने दाराकडे पाहिलं. नवरा स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मग तिने लॅपटॉप जवळ ओढला आणि परत त्याच्याकडे न बघता पहिलं अक्षर टाइप केलं.